संगणकावरील आरेखनाचा ओनामा



जी वस्तु हातांनीं घडवावयाची ती आधीं मनांत घडावी लागते. आणि मनांत घडलेली वस्तु दुसऱ्याच्या हातून करवून घ्यावयाची असेल, तर ती कागदावर अशा रीतीनें उतरवावी लागते कीं, पाहणाऱ्यास एकही प्रश्न विचारावा लागूं नये. ह्या विद्येस आरेखन म्हणतात. एखादें निसर्गचित्र पाहून दहा माणसांच्या मनांत दहा निराळे भाव उठले, तर तें त्या चित्राचें भूषण होय. परंतु यंत्राच्या एकाच आरेखनावरून दहा कारागिरांनीं दहा निराळे भाग केले, तर तें आरेखन टाकाऊ समजावें.

आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचीं घरें रे रोड, माझगांव, कॉटन ग्रीन व शिवडी या भागांत आहेत. लेथचा आवाज, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि दारूखान्यांतील लोखंडाच्या वखारी त्यांस परक्या नाहींत. ज्यांचे वडील फिटर अगर टर्नर आहेत, त्यांनीं तेलाचे डाग पडलेला आंखणीचा कागदही घरीं कधींतरी पाहिला असेल. तो कागद आतां बहुतेक ठिकाणीं संगणकावर तयार होतो. ज्या सॉफ्टवेअरच्या साहाय्यानें तो तयार करितात, त्यास संगणक-साहाय्यित आरेखनाचें सॉफ्टवेअर, अथवा थोडक्यांत कॅड, असें म्हणतात. कॅडचा पडदा पहिल्यानेंच पाहणारा विद्यार्थी त्यावरील शेंकडों चिन्हें पाहून बिचकतो. ही भीति घालविणें आणि ज्या थोड्या शब्दांवर ही सर्व विद्या उभी आहे त्यांचा परिचय करून देणें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

आपला परिसर व ही विद्या

ज्या लॉर्ड रे यांचें नांव ह्या रस्त्यास व स्टेशनास मिळालें, ते १८८५ पासून १८९० पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्याच कारकीर्दींत, १८८७ सालीं, व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली. तिचे वर्ग प्रथम येथून जवळच, भायखळ्यास, भरत; १९२३ सालीं ती माटुंग्यास गेली आणि आज ती वीरमाता जिजाबाईंच्या नांवानें ओळखली जाते. कुर्ल्यापासून रे रोडपर्यंतचा लोहमार्ग १९१० च्या डिसेंबरांत सुरू झाला. रे रोडच्या शेजारचें स्टेशन डॉकयार्ड रोड. तेथें माझगांव डॉक आहे. १७७४ सालीं बांधलेल्या एका लहानशा गोदीपासून त्याचा उगम झाला. १९३४ सालीं त्याची कंपनी झाली आणि १९६० सालीं भारत सरकारनें ती आपल्या ताब्यांत घेतली. भारतांत बांधलेली पहिली मोठी लढाऊ फ्रिगेट 'नीलगिरी' येथेंच तयार होऊन १९७२ सालीं नौदलांत दाखल झाली. आणि १६३ मीटर लांबीची 'विशाखापट्टणम्' ही विनाशिका २०२१ सालीं.

आतां रे रोडवरील नव्या पुलाकडे पहा. ब्रिटिश अमदानींतील जुन्या पुलाच्या जागीं झालेला, लोखंडी दोरांनीं तोललेला हा पूल १३ मे २०२५ रोजीं खुला झाला. त्याची लांबी ३८५ मीटर आहे. त्याच्या उंच खांबापासून निघालेला प्रत्येक दोर निराळ्या लांबीचा व निराळ्या कोनांत आहे. एक दोर एका ठिकाणीं तयार होतो, त्यास अडकविण्याची खुंटी दुसऱ्या ठिकाणीं. आणि दोन्हीं एकमेकांस बरोबर भेटावीं लागतात. खालून आगगाड्या जात असतां वर चढविलेला भाग 'थोडासा आंखूड पडला' असें म्हणून भागत नाहीं. अशा कामांत आरेखनाचें महत्त्व किती आहे हें याहून निराळें सांगावयास नको.

कागदापासून पडद्यापर्यंत

पूर्वीं आरेखक मोठ्या फळ्यावर कागद ताणून बसवी. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, कंपास, कोनमापक व निरनिराळ्या पेन्सिली हीं त्याचीं आयुधें. मूळ आरेखनावरून पारदर्शक कागदावर नक्कल उतरविणाऱ्यास ट्रेसर म्हणत; आणि तिच्यावरून निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांच्या प्रती काढीत, त्या 'ब्लू-प्रिंट' होत. निळ्या छापाची ही रीत सर जॉन हर्शेल या ज्योतिर्विदानें १८४२ सालीं शोधून काढिली. एखादें भोंक दोन मिलिमीटर सरकवावयाचें झाल्यास खोडून, घासून, पुन्हां आंखावें लागे आणि सर्व प्रती बदलाव्या लागत.

१९६३ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत आयव्हन सदरलंड नांवाच्या तरुण संशोधकानें 'स्केचपॅड' नांवाची आज्ञावली सादर केली. प्रकाशलेखणी पडद्यास लावून तो रेघ ओढी व संगणक ती रेघ सरळ, समांतर अगर काटकोनांत करून देई. पडद्यावर आंखण्याच्या विद्येचा हा पाया होय. त्या काळीं असा संगणक म्हणजे एक खोलीभर यंत्रसामग्री होती. १९८२ सालीं 'ऑटोकॅड' निघालें व हें काम टेबलावरील लहान संगणकावर होऊं लागलें. हल्लीं 'फ्रीकॅड' व 'लिब्रेकॅड' यांसारखीं सॉफ्टवेअरें विनामूल्य मिळतात.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. नुसत्या नकला उतरविणाऱ्या ट्रेसरांचें काम नाहींसें झालें. परंतु ज्यांस आरेखन वाचतां येत होतें व त्यामागील भूमिति कळत होती, ते फळ्यावरून उठून संगणकापुढें बसले. हत्यार बदललें, विद्या बदलली नाहीं.

पडद्याची ओळख

कॅडचा पडदा उघडला म्हणजे मधोमध जो मोठा मोकळा भाग दिसतो, तें आंखणीचें क्षेत्र होय. हाच आपला कागद. मात्र ह्यास कडा नाहींत. त्यावर अधिक चिन्हासारख्या दोन छेदणाऱ्या रेघा माउसबरोबर फिरतात, त्यांस क्रॉसहेअर म्हणतात. हीच आपली पेन्सिल. खालच्या डाव्या कोंपऱ्यांत एक्स व वाय अशीं अक्षरें असलेलें चिन्ह असतें. तें आडव्या व उभ्या अक्षांची दिशा दाखवितें, म्हणजे होकायंत्राचें काम करितें.

वरच्या बाजूस चिन्हांनीं भरलेली पट्टी असते, तीस रिबन किंवा टूलबार म्हणतात. फळ्यावरील सर्व आयुधें येथें मांडून ठेविलेलीं आहेत असें समजावें. आंखण्याचीं आयुधें एके ठिकाणीं, बदल करण्याचीं दुसऱ्या ठिकाणीं, मापें घालण्याचीं तिसऱ्या ठिकाणीं. सर्व चिन्हें पाठ करण्याच्या भरीस पडूं नये. स्वयंपाकघरांतील प्रत्येक डबा कोठें आहे हें पहिल्या दिवशीं कोणास ठाऊक असतें?

ऑटोकॅडमध्यें तळाशीं जी लिहिण्याची ओळ असते ती कमांड लाइन. नवशिके तिच्याकडे लक्ष देत नाहींत व तेथेंच चुकतात. ही ओळ म्हणजे आपल्याशीं बोलणारा शिक्षक होय. 'पहिला बिंदु सांगा', 'त्रिज्या सांगा' असें ती विचारिते आणि आपण उत्तर द्यावयाचें असतें. पडदा अडकल्यासारखा वाटला तर बहुधा संगणक आपल्या उत्तराची वाट पाहत असतो. दिलेली आज्ञा सोडून द्यावयाची असल्यास एस्केप ही कळ दाबावी, आणि झालेली चूक परत घ्यावयाची असल्यास अंडू करावें.

अगदीं खालीं स्टेटस बार असतो. त्यांतील चार सोयी आरंभींच शिकाव्या. ग्रिड म्हणजे आलेख-कागदासारखीं चौकटींची जाळी. स्नॅप लावला म्हणजे क्रॉसहेअर ठराविक अंतरावरील बिंदूंवरच थांबतो. ऑर्थो लावला म्हणजे रेघ फक्त आडवी वा उभीच जाते. हा आपला टी-स्क्वेअर. आणि ऑब्जेक्ट स्नॅप लावला म्हणजे रेघेचें टोंक, तिचा मध्य, वर्तुळाचें केंद्र, दोन रेघांचा छेद हे बिंदु संगणक आपण होऊन नेमके पकडतो. डोळ्यांस दोन रेघा भेटल्यासारख्या दिसतात, पण मोठें करून पाहिलें तर मध्यें केंसाएवढी फट असते. ऑब्जेक्ट स्नॅप ही फट राहूं देत नाहीं. ऑटोकॅडमध्यें एफ ३ ह्या कळीनें ऑब्जेक्ट स्नॅप, एफ ७ नें ग्रिड, एफ ८ नें ऑर्थो व एफ ९ नें स्नॅप चालू-बंद होतो.

झूम व पॅन हे शब्दही येथेंच समजून घेऊं. माउसचें चाक फिरविलें म्हणजे आकृति मोठी वा लहान दिसते, तो झूम. आणि कागद सरकविल्याप्रमाणें आकृति बाजूला नेतां येते, तो पॅन. झूम केल्यानें वस्तु मोठी होत नाहीं. आपला डोळा तिच्या जवळ जातो, इतकेंच. वस्तूचा आकार खरोखर बदलणारी आज्ञा स्केल ही होय. ह्या दोहोंत गल्लत करणाऱ्या मुलाच्या हातून कधीं कधीं संपूर्ण आकृति बिघडते.

बिंदूचा पत्ता

भूमितीच्या तासाला तुम्ही निर्देशक शिकलां आहां. कॅडचा सर्व कारभार त्यांवरच चालतो. प्रत्येक बिंदूस दोन आंकड्यांचा पत्ता असतो. पहिला आडव्या अक्षावरील, दुसरा उभ्या अक्षावरील. पत्ता सांगण्याच्या तीन रीती आहेत.

पहिली निरपेक्ष रीत. आरंभबिंदु शून्य, शून्य धरून सर्व मोजणी तेथून करावयाची. ६०,४० म्हणजे उजवीकडे ६० व वर ४०. दुसरी सापेक्ष रीत. आपण आतां जेथें आहों तेथून पुढें किती जावयाचें, एवढेंच सांगावयाचें. त्यासाठीं आंकड्यांच्या आधीं @ हें चिन्ह घालितात. @५०,० म्हणजे येथून उजवीकडे ५०. तिसरी ध्रुवीय रीत. येथें अंतर व कोन सांगावयाचा. @१००<४५ म्हणजे येथून ४५ अंशांच्या कोनांत १०० अंतरावर. कोन उजव्या हातच्या दिशेपासून, घड्याळाच्या कांट्यांच्या उलट मोजितात.

कोणी परका माणूस 'रे रोड स्टेशन कोठें?' असें विचारील, तर मुंबईच्या नकाशावरील अक्षांश-रेखांश सांगणें ही पहिली रीत. 'येथून दोन गल्ल्या सरळ व एक डावीकडे' ही दुसरी. आणि बोट दाखवून 'ह्या दिशेला पांचशें पावलें' ही तिसरी. तिन्हीही खऱ्या, प्रसंग पाहून सोयीची निवडावी.

एक पट्टी आंखून पाहूं

खांबाच्या पायथ्याशीं बसविण्याची एक पोलादी पट्टी घेऊं. लांबी २०० मिलिमीटर, रुंदी १२०, जाडी १०. चार कोंपऱ्यांपाशीं १६ मिलिमीटर व्यासाचीं चार भोंकें असून प्रत्येकाचें केंद्र दोन्ही कडांपासून २५ मिलिमीटर आंत आहे.

प्रथम एकक मिलिमीटर आहे ना, हें पाहून घ्यावें. मग लाइन ही आज्ञा देऊन क्रमानें ०,० नंतर @२००,० नंतर @०,१२० नंतर @-२००,० असें सांगावें आणि शेवटीं क्लोज म्हणावें. आयत तयार झाला. आतां सर्कल ही आज्ञा द्यावी व केंद्र २५,२५ सांगावें. संगणक त्रिज्या विचारील. येथें सावध रहावें! नकाशावर व्यास १६ लिहिला आहे, म्हणून त्रिज्या ८ सांगावयाची. घाईनें १६ लिहिल्यास भोंक ३२ मिलिमीटरांचें होईल, पडद्यावर सुंदरच दिसेल, आणि चूक कळेल ती पोलाद कापून झाल्यावर.

बाकीचीं तीन भोंकें पुन्हां आंखण्याचें कारण नाहीं. अॅरे ह्या आज्ञेनें एकाच भोंकाच्या दोन ओळी व दोन रांगा करितां येतात. आडवें अंतर किती द्यावयाचें? लांबी २००, दोन्हीं बाजूंस २५ गेले, राहिले १५०. उभें अंतर १२० मधून ५० गेले म्हणजे ७०. ही वजाबाकी संगणक करीत नाहीं. ती करणारा विद्यार्थीच असावा लागतो.

आतां पडताळा पाहूं. आयताचें क्षेत्रफळ २०० × १२० = २४,००० चौरस मिलिमीटर. चार भोंकांचें मिळून सुमारें ८०४. बाकी २३,१९६. जाडी १० धरिली तर घनफळ सुमारें २३२ घन सेंटिमीटर होतें. पोलादाचें वजन दर घन सेंटिमीटरास ७.८५ ग्रॅम धरल्यास पट्टी सुमारें १ किलो ८२० ग्रॅम भरेल. घनाकृति आंखणारें कॅड हें वजन क्षणांत सांगतें. तें आपल्या हिशेबाशीं जुळलें तर ठीक. न जुळल्यास कोठें तरी शून्य चुकलें आहे असें समजावें. हातानें केलेला अदमास हा संगणकाचा सर्वांत चांगला परीक्षक होय.

बदल करण्याचीं आयुधें

आंखण्यापेक्षां बदलण्यांतच कॅडची खरी शक्ति दिसते. म्हणून पुढील शब्द पक्के करावे. ऑफसेट म्हणजे दिलेल्या रेघेस ठराविक अंतरावर समांतर रेघ काढणें. भिंतीची जाडी दाखवितांना हा फार उपयोगी पडतो. ट्रिम म्हणजे दुसऱ्या रेघेपलीकडे गेलेलें जास्तीचें टोंक कापणें. एक्स्टेंड म्हणजे आंखूड रेघ दुसऱ्या रेघेपर्यंत लांबविणें. मिरर म्हणजे आरशांतील प्रतिमा. जहाजाची डावी बाजू आंखली कीं उजवी त्यानें मिळते. फिलेट म्हणजे कोंपरा गोल करणें, व चॅम्फर म्हणजे तोच कोंपरा तिरपा कापणें. हॅच म्हणजे कापलेल्या भागावर तिरप्या रेघा भरणें.

आणखी एक शब्द स्प्लाइन हा. दिलेल्या बिंदूंवरून जाणारी सुबक वक्र रेघ म्हणजे स्प्लाइन. हा शब्द संगणकाबरोबर आला असें समजूं नका. जहाज बांधणारे कारागीर मोठ्या लाकडी जमिनीवर जहाजाच्या कण्याचे व बाजूंचे वक्र पूर्ण आकारांत आंखीत. त्यासाठीं एक पातळ, लवचिक पट्टी घेऊन ती जड वजनांनीं जागजागीं दाबून धरीत, म्हणजे ती आपल्या स्वभावानेंच सुंदर वांके. त्या पट्टीचें नांव स्प्लाइन. पट्टीच्या ठिकाणीं आतां गणित आलें. परंतु गोदींतील सुताराचा शब्द तसाच राहिला.

थर, ठोकळे व मापें

लेयर म्हणजे थर. एकावर एक पारदर्शक कागद ठेविले व एकावर भिंती, दुसऱ्यावर नळ, तिसऱ्यावर विजेच्या तारा आंखल्या, तर पाहिजे तो कागद काढून घेतां येईल. तीच गोष्ट लेयरनें होते. वस्तूची दिसणारी कड जाड अखंड रेघेनें, झांकलेली कड तुटक रेघेनें आणि मध्यरेषा लांब-आंखूड तुकड्यांच्या बारीक रेघेनें दाखवावयाची हा आरेखनाचा नियम आहे. म्हणून प्रत्येक प्रकारच्या रेघेस निराळा थर ठेवावा. सर्व एकाच थरावर आंखणें म्हणजे सर्व विषयांचा अभ्यास एकाच वहींत करणें होय.

ब्लॉक म्हणजे तयार ठोकळा. दार, खिडकी, बोल्ट ह्या वस्तु एकदां आंखून ठेविल्या कीं पाहिजे तितक्या वेळां बसवितां येतात. मूळ ब्लॉक बदलला म्हणजे सर्व ठिकाणचे बदलतात. डायमेन्शन म्हणजे माप. मापाची रेघ ओढली कीं आंकडा संगणक लिहितो. तो आंकडा हातानें खोडून दुसरा लिहिण्याचा मोह कधींही होऊं देऊं नये. आकृति एक सांगते व आंकडा दुसरें, असें आरेखन कारागिरास खड्ड्यांत घालतें.

प्रमाण व कागद

कॅडमध्यें वस्तु नेहमीं खऱ्या मापानें आंखावी. ३८५ मीटरांचा पूल ३८५ मीटरच आंखावा. तो लहान करावयाचा तो कागदावर छापतांना. म्हणून ऑटोकॅडमध्यें दोन जागा असतात. वस्तु जेथें राहते ती मॉडेल, व छापण्याचा कागद जेथें मांडितात तो लेआउट. रे रोडचा पूल १ः१००० ह्या प्रमाणानें छापल्यास ३८५ मिलिमीटर होईल व ए ३ आकाराच्या, ४२० मिलिमीटर लांबीच्या कागदावर बसेल. प्रमाण १ः५०० घेतल्यास ७७० मिलिमीटर होईल व मोठा कागद लागेल.

कागदावर वस्तूचीं दृश्यें कशीं मांडावयाचीं याचेंही व्याकरण आहे. आपल्या देशांत प्रथम-कोन पद्धत मान्य आहे. तींत वरून दिसणारें दृश्य समोरच्या दृश्याच्या खालीं मांडितात. अमेरिकेंत तृतीय-कोन पद्धत चालते. तींत तें वर मांडितात. परदेशचें आरेखन हातीं आल्यास प्रथम त्याच्या कोंपऱ्यांतील चिन्ह पाहून पद्धत ओळखावी, नाहीं तर डाव्याचें उजवें होईल.

सपाट आकृतीवरून घन वस्तूही करितां येते. सपाट आकृतीस उंची दिली कीं घन होतो, त्यास एक्स्ट्रूड म्हणतात. आणि ती एका अक्षाभोंवतीं फिरविली कीं लोटा, चाक यांसारख्या वस्तु होतात, त्यास रिव्हॉल्व्ह म्हणतात. कुंभाराचें चाक ज्यानें पाहिलें आहे त्यास दुसरा शब्द समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

चुकीची किंमत

संगणक चुकत नाहीं, ही समजूत पुष्कळांची असते. तो सांगितलेलें चुकत नाहीं, एवढेंच खरें. सांगणारा चुकला तर ती चूक तो तितक्याच बिनचूकपणें करितो. १९९९ सालीं मंगळाकडे पाठविलेलें अमेरिकेचें 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हें यान नष्ट झालें. कारण एका गटानें इंग्लिश एककांत दिलेले आंकडे दुसऱ्यानें मेट्रिक समजून वापरले. कॅडमध्यें हाच प्रमाद इंच व मिलिमीटर यांत होतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हां भाग पंचवीसपटींहून मोठा किंवा लहान होतो.

दुसरें उदाहरण प्रत्यक्ष कॅडचेंच आहे. एअरबस ए-३८० ह्या प्रचंड विमानाच्या तारांचे जुडगे जर्मनींत तयार होऊन फ्रान्सांत बसवावयाचे होते. दोन्हीं ठिकाणीं एकाच सॉफ्टवेअरच्या निरनिराळ्या आवृत्त्या वापरीत होते. जोडणीच्या वेळीं तारा आंखूड पडल्या. २००६ सालीं ही गोष्ट जाहीर झाली व विमानें पोंचविण्यास फार मोठा विलंब लागला. तेथें हुशार अभियंत्यांची वाण नव्हती; एकाची भाषा दुसऱ्यास पुरती कळली नाहीं, इतकेंच. म्हणून फाइल दुसऱ्यास देतांना एकक, आवृत्ति व दिनांक लिहिण्याची संवय शाळेंतच लावून घ्यावी. डीडब्ल्यूजी व डीएक्सएफ हे फाइलींचे दोन प्रकार पुष्कळ ठिकाणीं चालतात.

पालकांस दोन शब्द

'आमच्या मुलास कोणतें सॉफ्टवेअर शिकवावें?' असा प्रश्न पालक आम्हांस वारंवार विचारितात. आमचें उत्तर असें कीं, आधीं भूमिति व चित्रकला. सरकारी रेखाकला परीक्षा, एलिमेंटरी व इंटरमीजिएट, ह्यांची तयारी पुष्कळ घरीं वेळेचा अपव्यय समजली जाते. परंतु हात व डोळा यांस जें वळण त्यांत लागतें, तें पुढें पडद्यापुढेंही कामास येतें. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ड्राफ्ट्समन सिव्हिल व ड्राफ्ट्समन मेकॅनिकल हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. पदविकेचा मार्गही आहे. महागड्या वर्गाचे पैसे भरण्यापूर्वीं विनामूल्य सॉफ्टवेअरवर मुलानें एक महिना नेटानें काम केलें आहे काय, हें पहावें. आणि मुली ह्या कामांत मागें राहतील असें कोणी समजूं नये. येथें दंडाच्या बळापेक्षां नजरेची बारकाई व मनाची शिस्त हीं लागतात.

ज्या वडिलांनीं आयुष्यभर कारखान्यांत आरेखनें वाचून काम केलें, त्यांस संगणक चालवितां येत नसेल. पण आरेखन वाचण्याची त्यांची विद्या मुलाच्या माउसपेक्षां अधिक मोलाची आहे. मुलानें आंखलेली पट्टी त्यांनीं एकदां पहावी आणि 'हें भोंक येथें पाडावयास ड्रिल जाईल काय?' असें विचारावें. ज्या आरेखनावरून वस्तु करितां येत नाहीं तें कितीही रेखीव असलें तरी व्यर्थ; आणि हें शिकविण्यास अनुभवी कारागिरासारखा गुरु नाहीं.

विद्यार्थ्यांनो, कारखान्यांतील मनुष्य तुमच्या आंकड्यावर विश्वासून पोलाद कापतो, आणि पुलावरून जाणारा तुमच्या रेघेवर विश्वासून पाऊल टाकितो. त्या दोघांनींही तुम्हांस पाहिलेलें नसतें. हा विश्वास राखणें हेंच आरेखकाचें खरें काम होय.

स्वाध्याय

१. झूम व स्केल, त्रिज्या व व्यास, मॉडेल व लेआउट यांतील भेद प्रत्येकीं दोन वाक्यांत लिहा.

२. वर दिलेल्या पट्टीचे चारही कोंपरे १० मिलिमीटर त्रिज्येनें गोल केल्यास क्षेत्रफळ कितीनें कमी होईल? (उत्तर: सुमारें ८६ चौरस मिलिमीटर.)

३. १६३ मीटरांची विनाशिका ए ३ कागदावर आडवी बसवावयाची आहे. १ः५०० ह्या प्रमाणानें ती किती मिलिमीटर होईल व कागदावर बसेल काय?

४. आपल्या वर्गाची खोली टेपनें मोजा, कागदावर हातानें आंखा, व मग तीच कॅडमध्यें आंखा. भिंती, दारें-खिडक्या व बांकें यांस निराळे थर ठेवा. दोन्हीं आरेखनें घरीं वडीलमंडळींस दाखवून त्यांनीं काढलेल्या चुका लिहून आणा.